वारज्याच्या शिवेवर ठेवलेली मरीआई

आमच्या पेठेत पटकीचं नाव तोंडानं घेत नसत. 'बाई आल्यात' एवढंच म्हणत. कुणाकडं ढाळ आणि ओकाऱ्या सुरू झाल्या की शेजारीण दाराबाहेरूनच विचारी, "बाई तुमच्याकडं थांबल्यात का?" आतून हुंकार आला की ती पदर सावरून नदीकडं निघे. तिथं एका कडुनिंबाखाली शेंदूर फासलेले तीन दगड होते. तीच मरीआई. तिला दहीभात लागे, लिंबू लागे, हिरव्या बांगड्या लागत.

आम्ही कागदी. माझे आजोबा जुन्नरहून पुण्यात आले आणि कसब्यात नदीजवळ कागदाच्या लगद्याचा हौद बांधून राहिले. वाड्यावरच्या दफ्तरात जाणारा बराचसा कागद आमच्या गल्लीतला असे. आम्ही नमाज पढणारी माणसं, पण मरीआईचं ठाणं आमचंही होतं. अम्मा गुरुवारी दर्ग्यात ऊद जाळी आणि मंगळवारी त्या कडुनिंबाखाली लिंबू ठेवून येई. एकदा मशिदीतल्या मौलवींनी तिला थांबवून समजावलं की हे बरं नव्हे. अम्मानं डोक्यावरचा पदर पुढं ओढून सगळं ऐकून घेतलं, "जी, जी" म्हणाली, आणि पुढच्या मंगळवारी जरा लांबच्या बोळातून गेली. कुंभारवाड्यातल्या बायका लेकरू तापानं फणफणलं की दर्ग्यातलं पाणी न्यायला आमच्या बायकांबरोबर येत. यात काही निराळं आहे असं लहानपणी मला कधी वाटलं नाही, आणि पुढंही वाटलं नाही.

माझ्या हातून जे घडलं ते सांगायचं तर आधी एका बाईबद्दल सांगायला हवं.

कागदाला ताग लागतो. वारज्याचं एक कुणब्याचं घर आम्हाला ताग देई. नवरा-बायको दोघंही डोक्यावर पेंढ्या घेऊन येत. नवरा अबोल, बोलायचं काम तिचं. एका वर्षी ती दोघं पुण्यात आली आणि नदीला अवेळी पूर आला. चार दिवस त्यांना परतता येईना. ती आमच्या ओसरीवर राहिली. माझ्या बायकोनं कोरडा शिधा दिला, तिनं परसात तीन दगडांची चूल मांडून आपल्या मडक्यात कालवण शिजवलं. आमच्या हातचं ती खात नव्हती आणि त्याचं आम्हाला काही वाटलंही नाही. निघताना ती उंबऱ्याशी घुटमळली. मग म्हणाली, "मला माहेराला भाऊ न्हाई. दिवाळीला ववाळाया येईन, चालंल का?"

मी बोलायच्या आधी माझी बायको म्हणाली, "या की. न विचारता या."

त्यानंतर आठ वर्षं ती भाऊबीजेला येत राहिली. मी तिला ताई म्हणे, ती मला दादा. तागासाठी मीही वारज्याला जाई. उन्हाळ्यात मुठेचं पात्र कोरडं पडतं. रस्त्यानं वळसा घेण्यापेक्षा मी वाळूतून सरळ चालत जाई. त्यांच्या शेताखाली काठावर एक करंज होता आणि त्याच्या सावलीत पेंढ्या रचलेल्या असत. ही वाट आमच्या गल्लीत माझ्याशिवाय कुणी वापरत नव्हतं.

त्या वर्षी ज्येष्ठ संपत आला तरी पाऊस नव्हता. बाई आधी कुंभारवाड्यात आल्या, मग आमच्याकडं. सकाळी हौदावर उभा असलेला माणूस संध्याकाळी नसे. कबरी खणणारे थकले आणि सरणाची लाकडंही मिळेनाशी झाली. अशात एका सकाळी माझी बायको कागद घोटत बसली होती. पाटावर कागद ठेवून गुळगुळीत दगडानं तो चकचकीत करायचा, हे काम तिच्याइतकं नेटकं गल्लीत कुणाला जमत नसे. तिच्या हातातला दगड खाली पडला. मी वळून पाहिलं तर ती पोट धरून भिंतीला टेकली होती. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले, बोटं सुरकुतली, आवाज इतका बसला की ती काय म्हणते ते कळायला तोंडाजवळ कान न्यावा लागे. हकीमानं काढा दिला, वैद्यानं मात्रा दिली. दोघेही माझ्याकडं न बघता गेले.

मी कडुनिंबाखाली गेलो. आजवर तिथं घरच्या बायका जात, मी लांबूनच मान लववी. त्या दिवशी मी दगडांसमोर बसलो आणि म्हणालो, "हिला सोड. दुसरीकडं जा. कुठंही जा."

हेच शब्द होते. ते मी कुणाला सांगितले नाहीत.

दिवस कलताना पेठेतली पुरुषमाणसं तिथंच जमली. कुंभारवाड्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांचा शब्द सगळे मानत. ते म्हणाले, "आता गाडा काढायचा." मरीआईची लाकडी मूर्ती साडीचोळी नेसवून छोट्या गाड्यात बसवतात आणि वाजतगाजत दुसऱ्या गावाच्या शिवेत नेऊन ठेवतात. तिच्याबरोबर दुखणं जातं. त्या गावानं मग तिला पुढच्या गावाच्या शिवेवर पोचवायचं. असंच चालत आलेलं होतं.

"न्यायचा कुठं?" आमच्यातल्या एकानं विचारलं. "भांबुर्ड्याची माणसं काठ्या घेऊन बसलीत. हडपसरच्या रस्त्यावर तर गोफणी आहेत."

एक कारकून तिथं उभा होता. त्याचा भाऊ आदल्या दिवशी गेला होता. तो म्हणाला, "मग पेठेतल्या पेठेतच फिरवू या. तेवढाच बाईंना वारा लागेल." कुणी हसलं नाही.

मी म्हणालो, "नदीच्या पात्रातून जाता येईल. पात्रात कुणी राखण करत नाही. थेट वारज्यापर्यंत जाता येतं."

सगळे माझ्याकडं वळले. म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "वारजं तुमच्या ओळखीचं आहे ना?"

"वाट ओळखीची आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापर्यंत सगळं जमलं. सुतारानं मूर्ती घडवली. हिरवी साडी एका मोमिनानं मागावरून उतरवून दिली. बांगड्या मणेरणीनं भरल्या आणि भरताना ती मूर्तीशी बोलत होती, "हात सैल सोड ग बाई." कुंभारांच्या बायकांनी ओटी भरली, आमच्या बायकांनी मलिदा केला. वाळूत चाकं रुततील म्हणून गाडा काठावरच ठेवला आणि मूर्ती टोपलीत घेतली. हलगी नदीपर्यंतच वाजली. पुढं वाजवली असती तर काठावरच्या गावांना कळलं असतं. वाजतगाजत न्यायची देवी आम्ही चोरासारखी नेली.

उजाडताना निघालो. आम्ही दहा-अकराजण होतो, मी सगळ्यांच्या पुढं. ऊन चढत गेलं तशी वाळू तापली. कोथरूड मागं पडलं तेव्हा कुंभारांचा एक जावई मागं रेंगाळायला लागला. त्याला विचारलं तर म्हणाला, "काही नाही, उन्हानं होतंय." वारज्याजवळच्या वळणावर तो खाली बसला तो उठेचना.

उन्हाळ्यात बायका वाळूत खड्डा उकरून प्यायचं पाणी काढतात, त्याला झिरा म्हणतात. वारज्याचे दोन झिरे होते. एक वरच्या अंगाला, एक करंजाखाली. तो जावई खालच्या झिऱ्याजवळ पडला. त्याचे कपडे, अंग सगळं घाणीनं भरलं होतं. आम्ही काय करणार होतो? जवळ पाणी तेवढंच होतं. त्याच पाण्यानं त्याला धुतलं, त्याचं धोतर त्यातच खळबळलं, त्याच्या तोंडाला पाणी लावलं. हे सगळं मी या हातांनी केलं. मग दोघांनी त्याला उचललं आणि मी टोपली डोक्यावर घेऊन काठ चढलो.

भर दुपार होती. शेतात कुणी नव्हतं. मूर्ती मी करंजाखाली ठेवली, पदर नीट केला, पुढं लिंबू आणि दहीभात मांडला. गाडा ठेवला की मागं वळून पाहायचं नसतं, असा नियम आहे. मी उतरायला लागलो आणि वरून बायकांचं बोलणं ऐकू आलं. घागरी एकमेकींवर आपटल्याचा आवाज आला. बायका पाण्याला येत होत्या.

आजारी माणसाला धुतलेलं पाणी पिऊ नये, हे कळायला हकीम व्हावं लागत नाही. एक हाक मारली असती तरी पुरे होतं. 'आज या झिऱ्याचं घेऊ नका,' एवढंच. पण हाक मारली असती तर आम्ही सापडलो असतो, आणि मूर्ती त्यांनी आमच्याच डोक्यावर परत दिली असती. मागं न पाहण्याचा नियम त्या वेळी मला फार सोयीचा वाटला. मी झपाझप चालत राहिलो.

तो जावई एरंडवण्यापाशी वाटेतच गेला. त्याला तिथंच काठावर अग्नी दिला.

घरी आलो तर माझ्या बायकोनं दोन घोट पेज घेतली होती. चौथ्या दिवशी ती उठून बसली. पेठेतलं दुखणंही ओसरत गेलं. म्हातारे बाबा स्वतः आमच्या दारी आले आणि म्हणाले, "तुमच्या वाटेनं पेठ वाचली." लोक मला रस्त्यात थांबवून बोलत. मी मान खाली घालत असे, आणि त्यांना तो माझा विनय वाटे.

दिवाळी आली. भाऊबीजेला ताई आली नाही. बायको दिवसभर दाराकडं बघत होती. "बरं नसेल काही," ती म्हणाली. मी हौदावर निघून गेलो.

मार्गशीर्षात ताई आली. एकटी, डोक्यावर तागाची एकच पेंढी. कपाळ मोकळं होतं. माझी बायको तिला बघून ओसरीवरच रडायला लागली. ताईनं पेंढी उतरवली आणि खांबाशी बसली.

"आठ दिसांत समदं झालं," ती म्हणाली. "आधी सासूबाई गेल्या, मग ह्ये. शेजारच्या घरातली दोन लेकरं. कुनीतरी आमच्या करंजाखाली बाईला ठिवून गेलं व्हतं. गावानं म्हनलं, पुढं न्हेऊ. सासूबाई आडव्या आल्या. म्हनल्या, दारात आलेल्या पाव्हनीला हाकलायची न्हाई, तिची वटी भरा. म्हनून ठिवून घेतली. अजून हाय तिथंच."

मी पेंढीची गाठ चाचपायला लागलो.

"दादा, तुमच्या पेठंतनं गेला व्हता का गाडा? तुमास्नी ठाऊक असंल."

"त्या दिवसांत सगळ्याच पेठांतून गाडे निघाले," मी म्हणालो. "कुणाचा कुठं गेला, काय सांगावं."

तिनं मान डोलावली. माझ्यावर तिचा विश्वास होता, त्यामुळं पुढं काही विचारलं नाही. मी पेंढी आत नेली.

ती गेल्यावर माझी बायको माझ्यामागं परसात आली. गाडा निघाला तेव्हा ती अंथरुणावर होती, तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. पेठ वाचवणारी वाट कोणती हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

"अहो, गाडा कोणत्या वाटेनं नेलात?"

मी सांगितलं. झिऱ्याचंही सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी उठले ती अशी."

"तू आजारी होतीस. मला दुसरं काही सुचत नव्हतं."

"मला माहीत आहे. म्हणूनच म्हणते. तुम्ही जाऊन तिला सांगा. तोवर मला तिच्या तोंडाकडं बघवणार नाही."

मी लगेच गेलो नाही. हौद गळतोय, दफ्तराचं काम आहे, थंडी फार आहे, अशी कारणं काढत राहिलो. ताई आणखी दोनदा आली. दोन्ही वेळा माझी बायको डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहिली आणि ताई मला विचारत राहिली, "वैनीला औषिद देता का न्हाई?" दुसऱ्या वेळी तिनं वैनीसाठी शेतातली मेथी आणली होती. ती जुडी माझ्या हातात देऊन ती गेली, आणि संक्रांतीनंतर मी वारज्याला निघालो.

करंजाखाली दगडांची हातभर उंचीची भिंत घातलेली होती. मूर्तीचा रंग उडाला होता. साडी दुसरी होती, जुनेर, पण धुतलेली. ताई शेतात हरभऱ्याला पाणी देत होती. मला बघून तिनं हात पुसले.

मी बांधावर उभा राहून सगळं सांगितलं. वाट मी दाखवली, टोपली मी ठेवली, आणि एक आजारी माणूस आमच्याबरोबर होता, त्याला झिऱ्यावर धुतलं. सांगताना मी तिच्या पायाकडं बघत होतो.

"वरल्या झिऱ्यावर का खालल्या?" तिनं विचारलं.

"खालच्या."

"त्यो आमचा."

वाफा भरून पाणी बाहेर वाहायला लागलं तेव्हा तिनं वाकून मातीनं तोंड बंद केलं आणि पाणी दुसऱ्या वाफ्यात सोडलं. मी म्हणालो, "ताई, बायांचा आवाज आला होता मला. मी हाक मारली नाही."

ती वर बघेना. "त्यात सासूबाई व्हत्या," ती म्हणाली. "त्या दिशी पान्याला त्याच गेल्या व्हत्या, माझा पाय मुरगळलेला." मग म्हणाली, "आता जावा. ऊन चढाया लागलंय."

तिनं शिव्या दिल्या असत्या, माती फेकली असती, तर मला ते बरं वाटलं असतं. पण मला बरं वाटावं म्हणून ती काही करणार नव्हती.

पुढच्या बाजाराला ती आमच्या गल्लीत आली. आमच्या दारासमोरून गेली आणि चार घरं सोडून दुसऱ्या कागद्याकडं पेंढी उतरवली. माझी बायको धावत बाहेर गेली. दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या राहून किती तरी वेळ बोलत होत्या. मी आतून बघत होतो. त्यानंतर हे असंच ठरून गेलं. ताई येई, बायको तिला भेटे, एकमेकींची ख्यालीखुशाली होई, आणि मी हौदात हात घालून उभा असे. भाऊबीज येई आणि जाई. बायकोनं मला त्यावरून कधी टोमणा मारला नाही. फक्त मरीआईला ती मंगळवारी दोन लिंबं नेऊ लागली. दुसरं कुणाच्या नावाचं, ते मी विचारलं नाही.

पाच-सहा वर्षांनी बाई पुन्हा आल्या. तेवढं मोठं दुखणं नव्हतं, पण पेठ घाबरली. म्हातारे बाबा आता काठी टेकत चालत. ते चौघांना घेऊन आमच्याकडं आले.

"नदीची वाट दाखवायला तुम्हीच हवेत," ते म्हणाले.

"मी येणार नाही. आणि त्या वाटेनं गाडा जाऊ नये."

"मग तिला ठेवायची कुठं?"

"इथंच ठेवा. तिच्या ठाण्यावर. ओटी भरा, दहीभात द्या. पाहुणीला हाकलत नाहीत."

"तुमच्या घरात ठेवून घेता?" म्हाताऱ्या बाबांनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती. खरंच विचारत होते.

मी दाराच्या आत बघितलं. माझी बायको तिथं कागद घोटत बसली होती. मला 'हो' म्हणता आलं नाही. ती माणसं निघून गेली.

त्याच दुपारी मी वारज्याला गेलो. त्यांच्या गावच्या पाटलाला सांगितलं की आमच्या पेठेतून गाडा निघणार आहे, नदीच्या अंगाला माणसं बसवा, झिऱ्यांवरही लक्ष ठेवा. ताई तिथं होती. तिनं ऐकलं. ती माझ्याशी बोलली नाही, पण गावातल्या पोरींना म्हणाली, "आजपासनं वरल्या झिऱ्याचंच पानी आना." मी परत निघालो तेव्हा करंजाखालच्या मरीआईला हात जोडले. मागायला काही सुचलं नाही.

दोन दिवसांनी हलगी वाजली. मी घरात बसून ऐकत होतो. नदीची वाट बंद झाली म्हणून त्यांनी गाडा उलट्या दिशेला, नगरच्या रस्त्यानं वाघोलीच्या पलीकडच्या एका वाडीत नेला. तिकडं नेणार हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. पाणी भरायला आलेल्या एका कुंभारानं सांगितलं होतं. जाऊन त्या वाडीला सावध करायला माझ्याकडं अख्खा दिवस होता, पाय धड होते. पण मी त्या दिवशी हौदाचा चुना बदलला.

पुढं त्या वाडीचं काय झालं, ते मी चार-दोन वेळा लोकांना विचारलं. कुणाला नीट सांगता आलं नाही. तिथं आमच्या गल्लीतल्या कुणाच्याच ओळखीचं कुणी राहत नव्हतं.